१६ इंची मॅगवर गाडी फार आपटते: टायर बदलताना साइज बदलू की फक्त कंपनी?

घोडबंदरची_रोजची

नमस्कार मंडळी. सगळे आकडे एकदमच देते, म्हणजे उलटतपासणी व्हायला नको.

गाडी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक, वरचं मॉडेल, म्हणून मॅग व्हील (हलक्या मिश्रधातूचं रिम). टायर कारखान्यातून आलेलेच: १९५/५५ आर १६, ८७व्ही. रनिंग ४३,०००. नक्षी पुढे ३ मिमी, मागे ४. साईडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) २८२१ असा शिक्का. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर चारही चाकांना ३३ पीएसआय आहे. पंपावरचा माणूस न विचारता ३५-३६ भरतो आणि तीच हवा चालते.

रोजचा रस्ता कासारवडवली ते महापे. म्हणजे घोडबंदर रोड, मेट्रोच्या कामाशेजारचे उंचसखल पट्टे, कळवा पूल, विटाव्याच्या रेल्वेपुलाखालचा भाग आणि मग ठाणे-बेलापूर रोड.

त्रास असा की मोठ्या गतिरोधकावरून गाडी नीट उतरते. पण पेव्हर ब्लॉक, डांबराची ठिगळं, मॅनहोलची झाकणं, कॉन्क्रीटचे सांधे यांवर दर वेळी कोरडा ‘ठक’ थेट स्टिअरिंगमध्ये आणि पाठीत येतो. महापेला पोचेपर्यंत मणके मोजून होतात.

पावसाळ्याआधी टायर बदलायचेच आहेत. चार सल्ले मिळालेत: (१) साइज तोच, पण मऊ टायर घ्या, (२) मॅग काढून १५ इंची रिमवर १८५/६५ लावा, (३) त्याच रिमवर १९५/६० लावा, गाडी उंचही होईल, (४) काही घेऊ नका, हवा २८-३० ठेवा. कोणता खरा?

---

रबरबुद्धी

ताई, निम्मं निदान तुमच्या प्रश्नातच आहे. गतिरोधकावर ठीक आणि बारीक कडांवर ठक, म्हणजे दोष टायरच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त.

गाडीचा हेलकावा, म्हणजे सेकंदाला एक-दोनदा होणारं वरखाली, हा स्प्रिंग आणि शॉकअबसॉर्बरचा प्रांत. बारीक कडेचं गणित वेगळं. ताशी ४० च्या वेगात १० सेंटीमीटर रुंदीची कड ९ मिलिसेकंदांत पायाखालून जाते. तेवढ्यात जड चाक वर उचलून स्प्रिंग दाबायला सवडच मिळत नाही. तो दणका आधी टायरने गिळायचा आणि उरलेला सस्पेन्शनच्या रबरी बुशांनी. टायरने गिळला नाही तर तो बॉडीत येतो.

टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच, फक्त फार कडक. तुमच्या गाडीच्या वजनाचा टायर ढोबळ मानाने २० किलो भाराला १ मिमी दबतो; त्याच चाकाची लोखंडी स्प्रिंग दोन-तीन किलोलाच १ मिमी दबते. पुढच्या चाकावर ३०० किलो धरले तर उभ्या गाडीत टायर जेमतेम दीड सेंटीमीटर दबलेला असतो. ही दीड सेंटीमीटरची गादी किती नरम राहते, त्यावर तुमच्या पाठीचं सुख ठरतं.

गादीचा कडकपणा मुख्यतः हवेतून येतो, आणि मग साईडवॉलची उंची आणि बांधणीतून. म्हणून कंपनीचा विचार सगळ्यात शेवटी करा. ३३ ऐवजी ३६ म्हणजे ९ टक्के जास्त दाब, आणि टायरचा कडकपणाही त्याच दिशेने चढतो. एवढा फरक पाठीला नक्की कळतो.

पण तुमची हवा खरंच जास्त आहे का, हे अजून कुणालाच माहीत नाही. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो: गाडी तीनेक तास उभी, किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली. महापेहून परत येताना पंपावर ३६ भरली असेल तर सकाळी ती ३३ निघेल आणि सगळं बरोबरच असेल. उलट सकाळी सोसायटीशेजारच्या पंपावर थंड टायरला ३६ भरली असेल तर दुपारपर्यंत ३९ झालेली असते. हवामानाचाही हात लागतो. साधारण ६ अंश तापमानाला १ पीएसआय, म्हणजे जानेवारीच्या सकाळी १८ अंशांत भरलेली ३३ मे महिन्याच्या ३६ अंशांत आपोआप ३६ होते. त्यातून पंपावरचं मीटर एक-दोन पीएसआयने इकडेतिकडे असणं ही रोजची गोष्ट.

तेव्हा एक डिजिटल गेज घ्या, सकाळी निघण्यापूर्वी चारही चाकं मोजा, बरोबर ३३ करा आणि आठवडाभर त्याच रस्त्याने जा. खर्च फक्त गेजचा. नायट्रोजनचा आग्रह झाला तर हसून सोडून द्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, दणक्यात काही फरक पडत नाही.

२८२१ म्हणजे २०२१ सालचा २८ वा आठवडा, जुलै. या वयात रबर कडक व्हायला लागलेलं असतं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं जास्तच. काही दुकानांत रबराचा कडकपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र असतं. नवा टायर त्यावर ६० ते ७० दाखवतो. तुमचा ७५ च्या वर निघाला तर ‘ठक’ चं एक कारण सापडलं.

---

हायवेचा_राजा

एवढं पुराण कशाला? २८ ठेवा. लोण्यासारखी चालेल.

---

नटबोल्ट_नेरुळ

राजेसाहेब, गाडी लोण्यासारखी चालेल, खरंय. रिमही लोण्यासारखं वाकेल.

खड्ड्याची कड लागली की साईडवॉल रिम आणि कड यांच्या सापटीत चिमटली जाते. तुमच्या १९५/५५ मध्ये तिथे मुळात १०७ मिमीच उंची. हवा पाच पीएसआयने उतरवली की चिमटा लवकर बसतो, आतले दोरे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाला काहीही म्हणो. आतून पॅच मारला तरी तुटलेला दोरा जोडला जात नाही; तो टायर फेकायचा. वर विम्याचीही गोम आहे. साध्या पॉलिसीत नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं तरच, आणि तेव्हाही टायरची निम्मी किंमत. टायरचं वेगळं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

शिवाय कमी हवेने दोन्ही खांदे घासतात, टायर तापतो आणि पावसात पाण्यावर तरंगायची वेळ लवकर येते. झिजलेल्या टायरसाठी जुना ढोबळ हिशेब लावला तर ३३ पीएसआयला ती पाळी ताशी ९५ च्या आसपास येते, २८ ला ८८ च्या. पाणी साचलेल्या पाम बीच रोडवर सात किलोमीटरचा हा फरक लहान नाही.

तर ताई, चौथा सल्ला कचऱ्यात. स्टिकरच्या खाली जाऊ नका. एकट्या असलात तरी ३३, पाच माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा दिलाय का ते बघून तो.

आता टायरला दोष देण्याआधी गाडीखाली बघा. ४३,००० किलोमीटर, तेही या रस्त्यांवर, म्हणजे बुश आणि लिंक रॉड म्हातारे होण्याचंच वय. हात नक्षीवरून सपाट फिरवा, आधी पुढून मागे, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय, म्हणजे अलाइनमेंट. नक्षीत थोड्या थोड्या अंतरावर वाटीसारखे खळगे लागले तर शॉकअबसॉर्बर दमलाय. चाक रस्त्यावर नुसतं उड्या मारतंय. फक्त मध्यभाग घासला असेल तर हवा बराच काळ जास्त होती, दोन्ही खांदे घासले असतील तर कमी होती. टायर कधी खोटं बोलत नाही, मालक बोलतो.

मग बोनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकून गाडी दाबा आणि सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा नाचली तर शॉकअबसॉर्बर संपला. पण नुसत्या या दाबून बघण्यावर विसंबू नका, अर्धवट दमलेला त्यात पास होतो. चाकामागे टॉर्च मारा; दांड्यावर तेलाचा ओला पट्टा आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली तर तो गळतोय. पेव्हरवर हळू जाताना ‘खट-खट’ असा सैल, लोखंडी आवाज येत असेल तर तो टायरचा नाही. बहुतेक स्टॅबिलायझर लिंक, नाहीतर वरचं स्ट्रट माउंट. टायरचा दणका भरीव असतो, सैल भागाचा पोकळ. गॅरेजात गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मचं बुश पहारीने हलवून दाखवा म्हणा; रबराला चीर असेल तर डोळ्यांनी दिसते.

हे तसंच ठेवून नवे टायर टाकलेत तर सुरुवातीला स्वर्ग. मग खळगे पुन्हा पडतात आणि नवे टायरही गुरगुरायला लागतात.

---

मोजपट्टी

साइजचं मी घेतो. १९५/५५ आर १६ मध्ये १९५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे साईडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ हा रिमचा व्यास इंचांत. साईडवॉल १०७ मिमी, पूर्ण चाकाचा व्यास ६२१.

१८५/६५ आर १५: साईडवॉल १२०, व्यास ६२१.५. बाहेरून चाक तेच, अर्ध्या मिलिमीटरचा फरक. स्पीडोमीटर, ओडोमीटर, एबीएस कुणालाच काही कळत नाही. पण रबराची गादी १३ मिमी जाड झाली, म्हणजे १२ टक्के. हे काही जुगाड नाही. बलेनो आणि आय-२० या दोन्ही गाड्या खालच्या मॉडेलांत याच १८५/६५ आर १५ वर आणि वरच्या मॉडेलांत तुमच्या साइजवर आल्यात. शोरूममध्ये मॅग बघून माणूस खूश होतो, त्याचं बिल मणक्याला येतं.

१९५/६० आर १६: साईडवॉल ११७, व्यास ६४०. मूळ चाकापेक्षा ३ टक्क्यांहून थोडं जास्त. मी तीन टक्के ही लक्ष्मणरेषा मानतो. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ने असेल. पिकअप किंचित मंद. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा मागे तिघं बसल्यावर आतल्या प्लास्टिकला टायर घासतोय का, ते बघावं लागेल. ‘उंच होईल’ म्हणजे किती? व्यास वाढला १९.५, त्याचं निम्मं, पावणेदहा मिलिमीटर. विटाव्याच्या पाण्यात त्याने काही तरून जात नाही. गाडीच्या कंपनीने हा साइज तुमच्या मॉडेलला दिलेला नसेल तर दाव्याच्या वेळी विमावाल्याला बोलायला जागा मिळते, ती कशाला द्या?

२०५/५५ आर १६ हाही सुचवतील. साईडवॉल ११३, व्यास ६३२, फरक पावणेदोन टक्के. मिळतो भरपूर, चांगल्या पॅटर्नमध्ये मिळतो. पण गादी फक्त साडेपाच मिलिमीटर वाढते आणि टायर रुंद होतो. रुंद टायरला रस्त्याच्या जास्त कडा सापडतात, स्टिअरिंग थोडं जड होतं, मायलेज थोडं उतरतं. आरामासाठी हा सौदा बरा नाही.

म्हणजे साइज बदलायचाच असेल तर दुसरा सल्ला. मात्र त्यात पाय अडकायच्या जागा आहेत.

ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा चिमटा) १५ इंची रिमच्या आत मावला पाहिजे. याची फुकटातली परीक्षा डिकीत पडलेली असू शकते. वरच्या मॉडेलांतही बऱ्याचदा स्टेपनी लहान, लोखंडी रिमची असते. ती १५ इंची असेल तर पुढच्या चाकाच्या जागी लावा, नट हाताने आणि मग पान्याने आवळा, जॅकवरच चाक फिरवा. कुठे न घासता फिरलं आणि कॅलिपर व रिममध्ये बोट जाईल एवढी फट दिसली, तर त्या घडणीचं १५ इंची रिम बसतं. मॅगची आतली घडण वेगळी असते, तेव्हा दुसरं मॅग घेणार असाल तर तेही आधी लावून बघायचं.

रिम घेताना चार आकडे जुळवा: किती बोल्ट आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, ऑफसेट (रिम हबवर मध्यरेषेपासून किती आत-बाहेर बसतं ते), आणि रिमची रुंदी. वर सांगितलेल्या दोन्ही गाड्यांत पहिले दोन ४×१०० आणि ५४.१ असे येतात; तुमचे मॅन्युअलमधून किंवा रिमच्या आतल्या बाजूच्या ठशावरून घ्या. मधलं भोक मोठं असेल तर सेंटरिंग रिंग टाकल्याशिवाय बसवू नका, नाहीतर कितीही बॅलन्सिंग करा, ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरणारच. १८५/६५ साठी रिमची रुंदी साडेपाच इंच उत्तम. मॅगचे नट आणि लोखंडी रिमचे नट काही गाड्यांत वेगळे असतात, तेही विचारा. मॅगच्या आत हवेच्या दाबाचे सेन्सर असतील तर ते काढून नव्या रिममध्ये बसवून घ्यायला विसरू नका.

एक तोटाही सांगून ठेवतो. साईडवॉल उंच म्हणजे गाडी वळणात किंचित जास्त कलते आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद अर्धा क्षण आळशी होतो. गायमुखच्या वळणांवर जाणवेल, ठाणे-बेलापूर रोडवर अजिबात नाही.

---

घोडबंदरची_रोजची

सगळ्यांचे आभार. सांगितलेलं तपासलं:

सकाळी थंड टायर: पुढे ३७ आणि ३६, मागे ३६ आणि ३५. म्हणजे जास्तच होती. ३३ केली. ‘ठक’ चा टोकदारपणा थोडा बोथट झाला, गेला नाही.

नक्षीत खळगे नाहीत. पुढच्या दोन्ही टायरचा मध्यभाग थोडा जास्त घासलाय. शॉकअबसॉर्बर कोरडे, बुश ठीक, डावीकडची लिंक सैल निघाली, बदलायला टाकली. स्टेपनी १५ इंची लोखंडी, १८५/६५, पुढे लावून फिरवली, आरामात फिरते. रबराचा आकडा ७६.

आता दोनच रस्ते उरले: १६ वरच राहून बरा टायर, नाहीतर १५ वर उतरणं. टायर निवडताना काय बघायचं? आणि पुढचेच दोन जास्त झिजलेत तर दोनच बदलून चालेल का?

---

रबरबुद्धी

७६ आणि मध्यभाग घासलेला. जास्त हवा बरेच महिने होती, हे टायरने स्वतःच लिहून दिलं.

टायर निवडताना आधी साईडवॉलवर ‘एक्सएल’ किंवा ‘रीइन्फोर्स्ड’ लिहिलंय का बघा. १९५/५५ आर १६ मध्ये ८७ चा टायर ५४५ किलो पेलतो. एक्सएल ९१ चा, म्हणजे ६१५ किलो. ऐकायला छान, पण त्यासाठी त्याची बांधणी कडक केलेली असते. तुमच्या चाकावर तीन-साडेतीनशे किलो. ९१ घेणं म्हणजे एका माणसासाठी कामगारांचा टेम्पो बोलावणं. मूळ आकडा ८७ आहे, तो किंवा त्याहून किंचित वर, साधा. १८५/६५ आर १५ मध्ये ८८ सर्रास मिळतो. गाडीच्या मूळ आकड्याखाली मात्र जायचं नाही. वेगाचं अक्षर एच म्हणजे २१० पर्यंत, व्ही २४० पर्यंत. द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर मर्यादा १०० ची, तेव्हा त्याच मॉडेलच्या १५ इंचीला कंपनीने जे अक्षर दिलंय तेवढं पुरे.

दुसरं, टायर कोणत्या कामासाठी बनवलाय. कारखान्यातून येणारा टायर बहुधा मायलेजचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून निवडलेला असतो. बाजारात त्याच नावाचा टायर घेतला तरी तो हुबेहूब तोच असेल असं नाही. कम्फर्टच्या बाजूला झुकणाऱ्यांत मिशलिनचा प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोनची टुरान्झा मालिका, योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी ही नावं येतात. देशी कंपन्यांत अपोलोचा अल्नॅक ४जी, सिएटचा सिक्युराड्राइव्ह. टिकाऊपणावर भर असलेला, जाड साईडवॉलचा टायर टॅक्सीवाल्यांना आवडतो आणि त्याला कारण आहे: फुगे कमी येतात. पण आराम आणि जाड साईडवॉल एका ताटात जेवत नाहीत. मऊ साईडवॉलचा टायर घेतलात तर खड्ड्यात जरा जपून, हा करार मान्य असेल तरच घ्या.

जपून म्हणजे कसं, तेही सांगतो. खड्डा दिसला की ब्रेक आधी दाबा आणि खड्ड्यात चाक उतरण्यापूर्वी सोडा. दाबलेल्या ब्रेकवर गाडीचं नाक आधीच खाली बसलेलं असतं, मग स्प्रिंगला जागाच राहत नाही. आणि वेग निम्मा केला की दणक्याची ऊर्जा पाव होते.

माझं मत विचाराल तर १५. एकाच पातळीचा टायर धरला तर साईडवॉलचे १३ मिलिमीटर जे देतात ते १६ मधला महागातला टायरही पूर्ण भरून काढत नाही. वर १५ चा टायर स्वस्त आणि पर्याय जास्त.

---

नटबोल्ट_नेरुळ

१५ ला माझंही मत, पण मॅग विकू नका, सोसायटीच्या कोपऱ्यात ठेवा. गाडी विकताना लागतील.

लोखंडी रिम घेतलंत तर या भागात शहाणपणाचंच. वाकलं तरी ठोकून सरळ होतं. मॅगला चीर गेली तर वेल्डिंग करून देणारे भेटतील, घेऊ नका.

दोनच टायरचं: १५ वर जाणार असाल तर प्रश्नच मिटला, चार लागणार. एकाच गाडीला १५ आणि १६ मिसळून चालवायचं नाही. १६ वर राहून दोनच घेणार असाल तर नवे मागे टाकायचे, चांगले जुने पुढे. दुकानदार उलटं करतो कारण पुढचे लवकर झिजतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, ड्रायव्हर वेग कमी करून सावरतो. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते. कायद्याची मर्यादा १.६ मिमी. मुंबईच्या पावसात ३ च्या खाली मी तरी ‘चालेल’ म्हणणार नाही, आणि तुमचे पुढचे नेमके तिथेच आलेत.

बिल करताना टायरवरचा जीएसटी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय, काही दुकानांच्या भिंतीवरचे जुने दर अजून उतरलेले नाहीत.

---

मोजपट्टी

दुकानात उभं राहून करून घ्यायच्या गोष्टी, कारण मागे वळलं की विसरतात.

चारही टायरचा आठवडा-वर्ष शिक्का वाचा. सहा महिन्यांच्या आतला मागा, आयएसआयचा शिक्का आहे ना बघा. व्हॉल्व्ह नवे, जुन्यांवर हट्ट करू देऊ नका. साईडवॉलवर पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग, तो व्हॉल्व्हसमोर आला की वजनं कमी लागतात. लाल ठिपक्याचा अर्थ वेगळा: तिथे टायरचा फेर सगळ्यात ताठ, आणि तो रिमवरच्या खुणेशी जुळवायचा असतो. एका बाजूला ‘आउटसाइड’ लिहिलेलं असेल तर ती बाजू बाहेर, बाणाची खूण असेल तर बाण पुढे.

बॅलन्सिंगला मशीनवर दोन्ही बाजू शून्य दिसेपर्यंत. एका चाकाला ६०-७० ग्रॅम लागायला लागले तर टायर रिमवर अर्ध्या फेऱ्याने फिरवून परत बसवा म्हणा. तरीही तेच तर टायर किंवा रिम यांतलं एक खराब. चिकटवायची वजनं लावण्यापूर्वी रिमची आतली बाजू पुसून घेतली पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात पडतात.

नट हवेच्या गनने करकचून नकोत. शेवट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याला. या वर्गातल्या गाड्यांत तो ८५ ते १२० न्यूटन-मीटरच्या घरात असतो. असमान आवळलेल्या नटांनी ब्रेक डिस्क वाकडी चालायला लागते आणि मग ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. बिचाऱ्या टायरला शिव्या. पन्नासएक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, नवी लिंक बसवून झाल्यावर, थंड हवा ३३ करून. आधीचा आणि नंतरचा कागद मागा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर नवा टायर किंचित घसरतो, जोरात ब्रेक आणि वळणं टाळा.

---

कॉन्क्रीटचा_कान

एक भर घालतो, कारण नव्या टायरनंतर ठाणे-बेलापूर रोडवरून जाऊन ‘आवाज तर तसाच आहे’ असा धागा इथे येतोच.

दणका आणि आवाज वेगळे. कॉन्क्रीटवर आडव्या बारीक खाचा पाडलेल्या असतात, पाणी निघावं आणि पकड राहावी म्हणून. त्यांच्यावरून कुठलाही टायर गुणगुणतो. सांध्यांची ‘टक-टक’ टायरने कमी होते, गुणगुण फारशी नाही. खरा आवाज ऐकायचा तर पाम बीचच्या डांबरावर, ६० च्या वेगात, काचा वर, एसी बंद. तिथे नवा टायर गुरगुरला तर बॅलन्सिंग किंवा बेअरिंग बघा. वळणात एका बाजूला झुकल्यावर गुरगुर वाढत-घटत असेल तर बेअरिंग, वळणाने फरक पडत नसेल तर टायर.

सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर ‘धप-धप’ आणि मग शांत, असं झालं तर घाबरू नका. गाडी आठवडाभर एकाच जागी उभी राहिली की टायरला खाली सपाटी येते, तापल्यावर जाते. पावसाळ्यात एकदम थरथर सुरू झाली तर दुकान गाठण्याआधी रिमच्या आत हात घाला. कामाशेजारचा चिखल तिथे वाळून बसतो आणि शंभरेक ग्रॅमचा गोळा चाकाचं बॅलन्स घालवायला पुरतो. लोखंडी रिममध्ये तो जास्त बसतो. पाण्याच्या नळीने आतून धुऊन काढा.

---

घोडबंदरची_रोजची

ठरलं. १५ इंची लोखंडी रिम, १८५/६५, ८८एच, एक्सएल नको. डिकीतली स्टेपनी तशीच राहील, म्हणजे आता पाचही चाकं एका मापाची. रोटेशनमध्ये स्टेपनीही घेऊ का?

---

मोजपट्टी

घ्या, पण आधी तिच्या टायरवरचा शिक्का वाचा. तीही २०२१ ची असेल तर नक्षी कोरी असली तरी रबर जुनंच. ती फक्त अडीअडचणीला ठेवा आणि फेरपालट चारांतच, दर आठ-दहा हजारांना. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बघा. ती ३६-३८ ठेवली तर हरकत नाही, बसून बसून उतरते. लावायची वेळ आली की ३३ करा.